फ्रेंच मोहरी आणि कराडचं लोणचं

पेंडल हिल, सिडनी
५ ऑक्टोबर २००८

तीर्थस्वरूप लीनामामींना,

अकरा दिवाळ्यांचे राहिलेले नमस्कार एकदमच पाठवतो आहे, सवडीने घ्या. गुडघे कसे आहेत? (दुखत असणार असं धरून चाललो आहे. आमच्या घरात तुमच्या गुडघ्यांविषयी १९९७ नंतर काहीही कळलेलं नाही.) मधूमामांचा दमा बरा आहे ना? मागच्या अंगणातला सोनचाफा अजून फुलतो का? अक्षर ओळखलं नसेल तर सांगतो, मी यतीन. तुमच्या नणंदेचा, म्हणजे ज्या चित्रलेखाबाईंशी तुम्ही बोलत नाही त्यांचा मुलगा. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक माझी अवस्था फार वाईट आहे आणि तिचा तुमच्याशी संबंध आहे. रागावू नका. आधी बसून घ्या, आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा.

मी इथे एमबीए करतो हे कराडात सगळ्यांना माहीत आहे. ते तसंच माहीत असू द्या. खरं म्हणजे एका बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉलेज आहे आणि तिथे मी स्वयंपाक शिकतो. या देशाला म्हणे आचाऱ्यांची फार टंचाई आहे, आणि आचारी झालं की इथे कायमचं राहायला मिळतं, म्हणून भारतातली निम्मी बी.कॉम. मंडळी सध्या कांदा चार तऱ्हांनी चिरायला शिकताहेत. आमच्या वर्गात सव्वीस जण आहोत. त्यांतले चोवीस शाकाहारी. आम्ही सगळे मिळून बैलाचं मांस किती शिजलं हे बोटाने दाबून ओळखतो आणि नंतर नळाखाली दहा मिनिटं हात धुतो. उरलेल्या वेळात मी एका बेकरीत पावाच्या लाद्या पिशव्यांत भरतो. ती शिफ्ट पहाटे सुरू होते आणि दुपारी बाराला संपते. तेव्हा मी उभ्याउभ्या झोपलेला असतो, हे पुढच्या सगळ्या अनर्थाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावं.

राहतो तो स्टेशनजवळ, सांगलीच्या एका कुटुंबाकडे. श्रीनिवासदादा आणि वीणावहिनी दोघंही कॉम्प्युटरवाले, सकाळी सातच्या ट्रेनने सिटीत जातात ते संध्याकाळी येतात. त्यांची मुलगी उर्वी आठ वर्षांची, शाळेत. त्यांच्या गॅरेजची त्यांनी खोली केली आहे आणि त्या खोलीत मी आहे (गॅरेजचं दार अजून वर सरकतं, एकदा वाऱ्याने सरकलं तेव्हा मी टॉवेलवर होतो आणि समोरच्या लेबनीज आजोबांनी मला हात केला). आणि घरात दिवसभर एकट्या असतात त्या पद्माआजी, म्हणजे श्रीनिवासदादांच्या आई. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. सांगलीत मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या. घरात देशी चॅनल नाही, शेजारी कुणाशी बोलता येत नाही, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्याचा पिकायचा. पहिल्या महिन्यातच त्या मला म्हणाल्या होत्या, "यतीन, इथे इतकी शांतता आहे की मला माझे दात वाजलेले ऐकू येतात."

आता मुद्द्यावर येतो. इथे एक चॅनल जगभरच्या भाषांतल्या मालिका दाखवतं, खाली इंग्रजी ओळी. रोज दुपारी दोनला त्यावर एक फ्रेंच मालिका लागायची. दोन गडगंज घराणी, दोघांचेही मोहरीचे कारखाने (फ्रान्समध्ये मोहरी वाटून बाटलीत भरतात आणि त्यावर राजवाडे बांधतात), आणि दोघांचं पिढीजात वैर. एका घराण्याचं नाव दुव्हाल, दुसऱ्याचं मार्शां. आजींनी पहिल्याच दिवशी त्यांचे देवल आणि मराठे करून टाकले. आजींना खालच्या ओळी दिसत नाहीत, दिसल्या तरी इंग्रजी पळतं. मी नुकताच बेकरीतून आलेलो, कोचावर आडवा. त्या म्हणाल्या, तू पुण्यात फ्रेंच घेतलं होतंस ना, मग सांग मला काय चाललंय. मामी, फ्रेंच मी बारावीला मार्क पडतात म्हणून घेतलं होतं. शंभरात ब्याण्णव पडले, आणि त्यातलं आज एकच वाक्य येतं, 'माझी मावशी बागेत आहे'. पण आजी जेवायला वाढत होत्या. त्या दिवशी आमटी होती, मेथीची भाजी होती. मी हो म्हणालो.

पहिला आठवडा मी खालच्या ओळी वाचून अगदी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. मग अडचण सुरू झाली. ही फ्रेंच माणसं जे करतात ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या गणिताच्या बाईंना मराठीत सांगण्यासारखं नसतं. देवलांचा जावई मराठेबाईंच्या खोलीत शिरला आणि दार लागलं.

"हे काय करताहेत?" आजी म्हणाल्या.

"निरोप घेताहेत."

"इतका वेळ?"

"लांब जायचंय त्याला, आजी."

पण दुसऱ्या दिवशी तो तिथेच, त्याच खोलीत. गणिताच्या बाई काही विसरत नाहीत. गाडी का चुकली, हे मला सांगावं लागलं. मग त्या गाडीसाठी संप काढावा लागला. तिसऱ्या आठवड्यात मराठेबाईंना जे मूल झालं त्याचं वय आणि बापाचा प्रवास आजींनी पदराच्या टोकावर मोजून मला हिशेब जुळत नसल्याचं सांगितलं. तेव्हा मी ठरवलं की पडद्यावर काय चाललंय ते सोडून द्यायचं आणि आपलं काहीतरी सभ्य, घरगुती सांगायचं. डोळे मिटत होते. समोर मोहरीच्या बरण्यांवर बरण्या दिसत होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की देवलबाईंनी मराठेबाईंना मोहरीची एक बरणी घरची म्हणून पाठवली होती, आणि मराठेबाईंनी ती परस्पर भांडीवालीला देऊन टाकली.

हो मामी. तेच. मी आपल्या घरातलं सगळं सांगितलं. आपली भांडीवाली शेवंताबाई दोन्ही घरी कामाला होती, तिने आमच्या ओट्याशी उभं राहून आईला म्हटलं, "तुमच्या वहिनीनं दिलं लोणचं, वरनं जरा पांढरं आलंय, पर ग्वाड हाय," इथपासून ते आई तुमच्या गौरीच्या हळदीकुंकवाला येऊन दहा बायकांत जे बोलली आणि तुम्ही वाटीतलं कुंकू तसंच खाली ठेवून जे उत्तर दिलंत तिथपर्यंत. फक्त गौरीच्या जागी नाताळ केला. दीड महिना पुरलं. आजींनी दुपारची झोप सोडली. मी कॉलेजच्या दिवशी उशिरा आलो तर दारात उभ्या असायच्या, "अरे, देवलीण पुन्हा बोलली का?" समोर पडद्यावर लोक एकमेकांवर पिस्तुलं रोखत होते आणि आजी बुरशीची चिंता करत होत्या.

एक कबूल करतो. मी आईचा मुलगा, म्हणून तुम्हाला वाईट केलं होतं. मराठेबाई मुद्दाम बरणी भांडीवालीला देतात, हसत देतात, असं सांगितलं होतं (ती नटीही तशीच होती, भुवया कोरलेली). पण आजींना ते पटेना. एक दिवस त्या टीव्हीकडे न बघता माझ्याकडे वळल्या. "बुरशी आलेलं परत पाठवलं असतं तर नणंदेचा अपमान. खाल्लं असतं तर घर आजारी. बरं, भांडीवालीला देताना तिने वरचा थर काढून दिला की तसंच?" मला माहीत नव्हतं. "ती दोन्ही घरी कामाला होती हे त्या बाईला ठाऊक होतं?" तेही माहीत नव्हतं. "मग तू तिला कशावरून दुष्ट म्हणतोस?" मामी, अकरा वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. उरलेल्या भागाचं भाषांतर मी सोडून दिलं. आजींना सांगितलं, आज सगळे मनातल्या मनात बोलताहेत.

मग उर्वीला शाळेची सुट्टी लागली. गेल्या मंगळवारी ती आमच्यामध्ये येऊन बसली, मांडीवर बिस्किटांचा डबा. मी सांगत होतो की देवलबाई देवळात जाताना मराठेबाईंच्या दारावरून गेल्या पण मान वळवली नाही.

"That's not what it says, यतीन अंकल," ती म्हणाली. "It says the factory's on fire."

खरंच पडद्यावर सगळीकडे ज्वाळा होत्या. मी म्हणालो, हो, ते मागे चाललंय. उर्वी म्हणाली की आग देवलांच्या जावयाने लावली कारण मराठेबाई त्याच्यासोबत पळून जायला तयार नाही, आणि मुळात ती त्याची आई आहे. (हे मलाही नवीन होतं.) घाबरून मी म्हणालो, "अगं, मामी तसं नाही करायची." बोललो आणि तोंडावर हात ठेवला.

आजींनी उर्वीला चित्र काढायला आत पाठवलं. टीव्ही बंद केला. नापास मुलीच्या आईला बोलावून घ्यावं तसं मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता खरी नावं सांग."

मी सांगितली. आईचं, तुमचं, मधूमामांचं, दोन्ही पेठांतले पत्तेसुद्धा. वाटलं होतं, ओरडतील. गॅरेज सोडायला सांगतील. आजींनी पदराची घडी घातली आणि म्हणाल्या, "म्हणजे अकरा वर्षं तुझ्या आईने भावाला ओवाळलं नाही." मी म्हणालो, नाही. दर भाऊबीजेला ती ताम्हन घासते आणि चंद्राला ओवाळून परत ठेवते. आजींचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. सहा महिने त्या बाईंनी या शांत घरात काढले, जाताना हे घेऊन जाणार. म्हणून मी शेवटचा भाग सांगितला, मामी. म्हणालो, पण आजी, मिटलं ते! गेल्या उन्हाळ्यातच मिटलं! आता दोघी रोज बोलतात, लोणचं एकत्र घालतात, बरण्या ओळखू येत नाहीत कुणाची कुठली. बोलता बोलता मी बरण्यांची उंचीही हातांनी दाखवली, त्यामुळे ते फार खरं वाटलं.

आजींनी डोळे पुसले. मग कॅलेंडर काढलं. त्यांचं विमान सव्वीसला आहे. सांगली-कराड काय लांब आहे, म्हणाल्या. तीस तारखेला भाऊबीज. त्या दिवशी सकाळी गाडी करून त्या तुमच्याकडे येणार आहेत, दोघींना एका घरात बसलेलं डोळ्यांनी बघायला. एक डोळा साफ आहे, तेवढा पुरेल म्हणाल्या. पत्ता मीच दिला होता.

मामी, मी संपलो. आजींना खरं सांगायचं सोडून चार दिवस मी बेकरीतून आलो की गॅरेजचं दार आतून धरून बसतो. मालिकाही चॅनलने परवापासून बंद केली, आग विझायच्या आतच. तिच्या जागी आता जर्मन गुरांचा डॉक्टर लागतो. घरात जेवायला बसलं की आजी माझ्या पानात लोणचं वाढतात आणि माझ्याकडे बघून हसतात. मला ते गिळवत नाही.

थोरांनी लोभ ठेवावा असं लिहायचा मला अधिकार नाही. पत्र फाडू नका, एवढंच मागतो. मधूमामांना नमस्कार.

आपला अपराधी,
यतीन

ता. क. तीस तारखेला सकाळी दहा ते साडेअकरा, फक्त दीड तास, तुम्ही आणि आई एका खोलीत बसाल का? बोललं नाही तरी चालेल. आजींना मी सांगून ठेवीन की कराडकडे अशीच पद्धत आहे. त्या आल्या की चहा बिनसाखरेचा द्या.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवलं होतं, उघडून लिहितो आहे. आजींनी एक प्रश्न विचारलाच नाही, बुरशी आली कुठून; त्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मी त्यांनाही सांगितलं नाही. त्या मे महिन्यात ती बरणी आईने माझ्याच हातात दिली होती, तुमच्याकडे पोचवायला. वाटेत मी घाटावर गेलो. पोहलो. वर आल्यावर भूक लागली आणि फडकं सोडून ओल्या हाताने मी चार-पाच फोडी खाल्ल्या, परत फडकं बांधलं. लोणचं उत्तम होतं. बुरशी ना आईच्या हाताने आली, ना तुमच्या घरात. पुढे जे झालं ते बघून मी इतका घाबरलो की गप्प बसलो, आणि मग गप्प बसायची सवय झाली. आईला हे मी सांगू शकत नाही. तीन वेळा फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. तुम्ही सांगाल का तिला? नंबर तोच आहे. फक्त आता पुढे दोन लावायचा.