मेलेल्यांच्या पानावरची ताई

पोतेन्झा, १२ जानेवारी

आदरणीय ताईस,

धाकट्या जेरार्दोचा नमस्कार. नऊ वर्षांनी करतोय, थोडा अवघडलेला वाटला तर सांभाळून घे. तोरीनोत थंडी कशी आहे? तुझा गुडघा काय म्हणतो? (तेरेझिनाच्या सलूनमध्ये तुझ्या गुडघ्याची बातमी दर महिन्याला येते. नेपल्सच्या पलीकडचं इतकं ताजं आम्हाला दुसरं काही कळत नाही.) इकडे सर्व ठीक. आईची तब्येत उत्तम. म्हणजे आपण ईस्टरपर्यंत जगत नाही असं ती रोज सकाळी जाहीर करते आणि दुपारी दोन ताटल्या पास्ता खाते.

तर ताई, लोरेदाना आणि मी मूल दत्तक घेतोय. कोलंबियाहून. मुलगी सहा वर्षांची आहे, नाव यूलिआना. तीन वर्षं हे चाललंय, आणि या तीन वर्षांत मी लायक बाप आहे हे ठरवायला कोर्ट, डॉक्टर, पोलीस आणि एक संस्था एवढी मंडळी कामाला लागली. माझं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, लहानपणी वडिलांनी किती वेळा मारलं ते विचारलं. (मी खरा आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी निम्मा केला.) आमच्या वरच्या मजल्यावरचा पास्क्वाले, जो मोटारसायकल स्वयंपाकघरात ठेवतो आणि मुलांची नावं हाक मारताना अदलाबदल करतो, त्याला तीन पोरं आहेत आणि त्याला एक कागदसुद्धा कुणी मागितला नाही. पण कायदा सर्वांना सारखा, असं कोर्टाच्या भिंतीवर लिहिलेलं आहेच.

संस्थेच्या क्वारांता बाई घर बघायला येणार म्हणून लोरेदानाने आठ दिवस घर घासलं. मुलांच्या मानसशास्त्रावरची चार पुस्तकं आणून सोफ्यावर सहज पडल्यासारखी पसरली. (सहज पडल्यासारखी दिसावीत म्हणून तिला पाऊण तास लागला.) तारीख मात्र बाईंनी दिली ऑगस्टमधली, नेमकी वर्षभराचा टोमॅटो सॉस करून ठेवायच्या दिवसाची. आईला म्हटलं, या वर्षी सॉस दोन दिवस पुढे ढकलू. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी ख्रिसमस पुढे ढकलायला सांगतोय. तेव्हा बाई आल्या त्या वेळी अंगणात कढई उकळत होती, दोनशे किलो टोमॅटो पडले होते आणि दारात आई सुरी घेऊन उभी होती, कोपरापर्यंत लाल. बाईंनी ओळख करून द्यायला तोंड उघडलं. आई म्हणाली, "नंतर सांगा. आधी हात धुवा, झाकणं लावायला माणूस कमी आहे." चार तास बाईंनी बाटल्यांना झाकणं लावली. पुस्तकांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जाताना ब्लाउजचं वाटोळं झालेलं, हातात सहा बाटल्या. अहवालात लिहिलं, ‘नात्यांचा आधार भक्कम.’

पण खरी गंमत अल्बमची. मुलीला पाठवायला घरच्यांच्या फोटोंचा एक अल्बम करावा लागतो, म्हणजे तिला आधीच चेहरे ओळखीचे होतात. लोरेदानाने सुंदर केला. आम्ही दोघं, घर, तिची खोली, मांजर. आईने तो चाळला आणि विचारलं, "बाकीचे कुठायत?" कोण बाकीचे? तर आपले सगळे. आम्ही दोघं चर्चमध्ये मिसाला गेलो तेवढ्यात तिने कबरींवर लावायला काढलेल्या फोटोंच्या प्रती डब्यातून काढून चिकटवल्या. आजोबा, तिन्ही आत्या, रोक्कोकाका, वीज पडून गेलेला तो मामा. जिवंत पाच, मेलेले चौदा, आणि मेलेल्यांपैकी एकही हसत नाही. "पोरीला कळू दे ती कुणाची ते," आई म्हणाली.

नोव्हेंबरात, अल्बम पाठवण्याआधी, क्वारांता बाई तपासायला आल्या. पानं उलटता उलटता थांबल्या. वीजवाला मामा आणि धाकटी आत्या यांच्या मधोमध तू होतीस, तुझ्या कुत्र्याला, ब्रिगान्तेला, कडेवर घेऊन, तोंडभर हसत. बाईंनी आवाज खाली आणला. "इतक्या तरुण. कधी वारल्या?"

"नऊ वर्षं झाली," आई म्हणाली.

लोरेदानाने टेबलाखालून माझी नडगी फोडली. मी घाईघाईने म्हणालो, छे छे, ही माझी ताई, ठणठणीत आहे. मग आईला विचारलं, तू हिला इथे का लावलंस? तर ती काय म्हणते, "जी घरी येत नाही, फोन करत नाही, तिला कुठल्या पानावर लावू ते तू सांग." मी अल्बम मिटला. तुला पान सुचत असेल तर कळव.

बाकी विशेष काही नाही. मुद्दाम असं काही कारण नव्हतं, सहज लिहिलं. प्रकृतीला जप, गुडघ्यावर लोकरीचं काहीतरी बांधत जा.

तुझा भाऊ,
जेरार्दो

ता. क. सहज लिहिलं हे तितकंसं खरं नाही. आई बोलल्यावर बाईंची भुवई चढली, तेव्हा मी म्हणालो की आई थट्टा करते, ताई दर रविवारी जेवणानंतर फोन करते, तासभर बोलते. बाई खूश झाल्या. शेवटच्या अहवालासाठी आता पुढच्या गुरुवारी चार वाजता तुला फोन करणार आहेत. तो अहवाल गेल्याशिवाय आम्हाला बोगोटाला जाता येत नाही. म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. जे जे तुला रविवारच्या फोनवर कळलेलं असायला हवं ते सगळं वर आहे. दोनदा वाच. सॉसचे टोमॅटो दोनशे किलो, विसरू नकोस.

ता. क. २. लोरेदानाने पत्र वाचलं. म्हणते, मुख्य ते लिहिलंच नाहीस. लिहितो. माझ्या लग्नात ब्रिगान्तेने केकचा खालचा मजला खाल्ला, आणि सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो की पोटी मूल नाही म्हणून कुत्र्याला लेकरू करून फिरतेस. चार वर्षांनी आम्ही दोघं डॉक्टरकडून कागद घेऊन बाहेर पडलो, तेव्हा जिन्यात मला माझंच वाक्य ऐकू आलं. फार वाईट बोललो ताई. तेव्हाच कळलं होतं. बाईंना यातलं काय सांगायचं ते तूच ठरव. खरं सांगितलंस तरी मी रागावणार नाही.

ता. क. ३. अल्बम पोचला. कोलंबियातल्या बाईंचं पत्र काल आलं. यूलिआनाने मला पाहिलं आणि पान उलटलं, लोरेदानाला पाहिलं आणि उलटलं. खोली, मांजर, आजोबा, सगळं उलटलं. तुझ्यावर बोट ठेवलं ते काढेचना. ही हसणारी बाई आणि कुत्रा विमानतळावर येणार का, एवढंच तिने विचारलंय. अहवाल वेळेत गेला तर आम्ही तिला घेऊन दहा एप्रिलला रोमला उतरतो, सकाळी नऊला. ब्रिगान्ते आहे ना गं अजून? नसला तर ते तिला तू सांग, मला नाही जमणार.