विहीणबाईंना, उल्काच्या झोपेविषयी

सौ. प्रभाताईंना, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, दिल्लीच्या मयूर विहाराहून दत्तात्रयाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). अण्णासाहेबांची साखर आटोक्यात आहे ना? तुमचा दमा काय म्हणतो? इथे आम्ही तिघंही ठीक. चिरंजीव विश्वास ऑफिसच्या टूरवर असतो, मी गोळ्यांवर असतो, आणि तुमची नात तिसरीत गेल्यापासून आम्हा दोघांनाही शिस्त लावत असते. पत्र लिहायचं कारण एवढंच, की "पोरीला हॉस्पिटलात कशाला नेलं होतं?" असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती. (कुकर लावलाच नव्हता.)

तर काळजीचं काही नाही. उल्का रात्री अंथरूण ओलं करते. लहानपणी हे थांबलं होतं, ते पद्मजा गेल्यावर पुन्हा सुरू झालं. आपल्या पद्मजाला जाऊन किती काळ लोटला हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तिची आई. विश्वास सकाळी उठून निमूटपणे चादर धुतो, गॅलरीत वाळत घालतो आणि मेट्रो गाठायला पळतो. खालच्या मजल्यावरच्या भटनागरबाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अंकलजी, आपके यहाँ तो रोज़ बेडशीट धुलती है, कितनी सफ़ाई है!" मी म्हटलं, "हम महाराष्ट्रीयन लोग हैं जी." तेव्हापासून त्या बाईंनी आमचं उदाहरण देऊन देऊन स्वतःच्या सुनेला हैराण केलं आहे असं ऐकतो.

यावर माझा उपाय म्हणजे रात्री मध्येच उठून पोरीला बाथरूमला नेणं. माझ्या वयाला त्या सुमारास स्वतःलाही उठावंच लागतं, तेव्हा यात त्याग वगैरे काही नाही. दिवा लावायचा नाही, पाठीवर हात ठेवायचा आणि हळूच उभं करायचं. ती डोळे मिटूनच चालते. चालता चालता विचारते, "आई?" मी म्हणतो, "हं." (पहिल्यांदा विचारलं तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.) मग ती शहाण्यासारखी सगळं आटपून परत येते आणि झोपते. सकाळी तिला काही आठवत नाही. मला जाग आली नाही की मात्र चादर.

आता हॉस्पिटल. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा मुलांच्या झोपेचा अभ्यास चालला आहे. कोणतं मूल किती गाढ झोपतं, अंथरूण ओलं होताना त्याचा मेंदू काय करत असतो, हे यंत्रावर बघतात. रात्रभर तिथे झोपायचं आणि शेजारच्या खाटेवर घरचं एक माणूस. विश्वास टूरवर, म्हणून मी. पोरगी चार लोकांत जायची आणि केस विस्कटलेले दिसले, तर तुम्ही साताऱ्यात बसून मला बोल लावाल, या धास्तीने मी तिच्या डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. (वेण्या मी आता बऱ्या घालतो. डावी जरा वर जाते.) तिथली सिस्टर हरियाणाची, चांगली धिप्पाड. ती डोक्याला वायरी चिकटवायला लागली, तर एक चिकटेल तर शपथ! "ताऊजी," ती म्हणाली, "छोरी का सिर है या पकौड़ों की कढ़ाई?" मग त्या हॉस्पिटलच्या मोरीत शाम्पूवर शाम्पू झाले. उल्का ओल्या केसांनी बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आजोबा, तुम्ही ना, बिल्कुल एम्बॅरेस करता यार!"

शेवटी एकदाच्या वायरी लागल्या. सिस्टरने मला बजावलं, की रात्री काहीही झालं तरी मुलीला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. मी मान डोलावली. जी गोष्ट होऊ नये म्हणून आम्ही घरी जिवाचं रान करतो, ती कधी होते याची इथे पगारी माणसं यंत्रासमोर बसून वाट बघत होती. गंमत वाटली मला. त्या गमतीतच डोळा लागला. आणि मग, विहीणबाई, मी उठलो. म्हणजे शरीर उठलं. मी कुठे आहे याचा मला पत्ता नव्हता. पाठीवर हात ठेवला, पोरीला उभं केलं, तिने "आई?" म्हटलं, मी "हं" म्हटलं, आणि आमची वरात वायरींसकट दाराकडे निघाली. यंत्राने जो टाहो फोडला, त्याने शेजारच्या खोलीतली दोन मुलं जागी झाली. एवढ्या गोंधळात उल्का मात्र उभ्या उभ्या घोरत होती.

सकाळी डॉक्टर मीनाक्षींनी बोलावलं. रागावल्या नाहीत. यंत्रावरच्या रेघा दाखवून आणि रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकवून म्हणाल्या, "अंकल, शी वॉज नॉट अवेक ॲट ऑल." चालणं, बोलणं, सगळं झोपेतच. अशा नेण्याचा काही उपयोग नाही. उठवायचं तर पुरतं जागं करायचं. दिवा लावायचा, तोंडावर पाणी मारायचं, स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे. नाहीतर उठवायचंच नाही. मग त्यांनी विचारलं, "वो आपसे क्या पूछती है?" मी म्हटलं, "कुछ नहीं जी, ऐसे ही." त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं नाही. भली बाई आहे.

पण खरं सांगतो, त्या क्षणी मला डॉक्टरबाईंचा राग आला. पुरती जागी झाली की पोरीला समोर कोण दिसणार? कवळी काढलेला म्हातारा. रात्रीतून एकदा, बाथरूमपर्यंत का होईना, तिला आई मिळत होती. तीही मी काढून घ्यायची, असा त्या सल्ल्याचा अर्थ. परत येताना मेट्रोत मला रडू आवरेना. उल्काला कळू नये म्हणून सारखा चष्मा पुसत होतो, तर तिने दप्तरातून स्वतःचा रुमाल काढून दिला. "आजोबा, शर्टाने पुसलं की स्क्रॅच पडतात."

असो. मंगळवारपासून डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सुरू केलं आहे आणि बरं चाललं आहे. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नये, आणि यायची तर मुळीच घाई करू नये. इथली थंडी आणि धुरकट हवा तुमच्या दम्याला सोसायची नाही. शिवाय या घरात पाऊल टाकणं तुम्हाला किती जड जाईल, हे मला कळतं. मोठ्यांना नमस्कार; लहान तिथे कोणी नाही, म्हणून आशीर्वाद अण्णासाहेबांनीच ठेवून घ्यावेत.

आपला,
दत्तात्रय

ता. क. मेतकूट संपलं आहे. इथे मिळतं त्याला वास नसतो.

आणखी एक ता. क. वर 'बरं चाललं आहे' लिहिलंय ते खरं आहे, अंथरूण कोरडं असतं. पण मंगळवारी दिवा लावून तिला पुरतं जागं केलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आजोबा, रोज तुम्हीच असता?" मी हो म्हटलं. "मग 'हं'पण तुम्हीच म्हणता?" (सकाळी तिला काही आठवत नाही असं मी वर लिहिलंय, ते चूक आहे.) त्यालाही हो म्हटलं. जरा वेळ पाय हलवत बसली. मग म्हणाली, "आत्ता म्हणा ना. मी जागी आहे, तरी चालेल." मी तोंड उघडलं, विहीणबाई, पण आवाजच फुटेना.

तुम्ही या. हवा कशी का असेना, दम्याची औषधं इथेही मिळतात. पद्मजा 'हं' म्हणायची ते अगदी तुमच्यासारखं, जरा नाकातून. मी नुसती नक्कल करत होतो. पोरीने पुन्हा विचारलेलं नाही. पण दिवा घालवायला गेलो, की ती माझ्या तोंडाकडे बघत पडून राहते.