सफियाच्या कपाळावरची लाल खूण

जेद्दा, २ फेब्रुवारी १९९१

प्रिय अम्मा,

तुला सलाम, घरात सगळ्यांना दुआ.

क्षेपणास्त्रं रियाधकडे पडतात, जेद्दा लांब आहे. आम्हा इस्पितळाच्या ड्रायव्हरांना विषारी वायूपासून वाचायला मास्क दिलेत, अजून लागले नाहीत. रजा मात्र बंद आहे, म्हणून लेकीला फोटोतच बघतो. तुझे गुडघे कसे आहेत?

सफिया पोटात असताना इस्मतने ग्रहणात विळी धरली म्हणून लेकीच्या कपाळावर खूण आली, असं इस्मतला बोलू नकोस. इथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोटो दाखवला. म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांची साधी गाठ दिसते. काही महिने वाढेल, मग काही वर्षांत आपोआप फिकी पडेल. तरी एकदा तिथल्या डॉक्टरला दाखवा. डोळ्याकडे वाढली किंवा रक्त आलं, तर लगेच."

सफियाला डागायला कुणाकडे नेऊ नकोस, अम्मा. आम्ही भावंडं लहान होतो तेव्हाची रुकय्याच्या गालावरची खूणही अशीच गेली असती. पण तू तिला डागून आणलंस आणि व्रण कायमचा राहिला; तेव्हा तुला सांगणारं कुणी नव्हतं. तुझा दोष नाही.

रुकय्या, पत्र तूच वाचून दाखवतेस, हे ठाऊक असूनही लिहिलं. अम्मा रडली, तर तिला जवळ घे.

तुमचा,
ताजुद्दीन