तक्ता हिवाळ्याचा, पाणी उन्हाळ्याचं

आरिसेग,
२८ ऑगस्ट

प्रिय फर्ग्या,

आईचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते, आणि चढताना मला बोल लावते. कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलंय. तू तिकडे शेटलंडला सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला गेलास, काय खातोस, कसा राहतोस, काही कळत नाही. दोन नाताळांत तुझी दोन कार्डं आली, दोन्हींवर नुसती सही. तक्रार करत नाहीये. मला तो हक्क नाही, ते पुढे येईलच.

आपला कयाक सहलींचा धंदा चालू आहे. तुझ्या जागी एफी मॅकिननला घेतलं. हो, टपाल कचेरीतलीच, सगळ्या गावाची पाकिटं उजेडाला धरून बघणारी. निवृत्त झाली आणि साठीला टेकल्यावर कयाक शिकली. तोंड चालतं त्याहून वल्हं बरं चालतं. धक्क्यावरची मंडळी तिला रोज बजावतात, ‘एफीबाई, होड्या नीट बांधा हो, फर्गस करू नका!’ होड्या मोकळ्या सोडण्याला इथे आता तुझं नाव पडलंय. मी ऐकते आणि जाकिटाच्या चेनशी चाळा करत बसते.

परवा ग्लासगोच्या सहा जणांना घेऊन आम्ही दोघी बाहेरच्या खडकांकडे गेलो. वारा बेताचा होता. मोठ्या खडकावर वीसेक सील लोळत होते, त्यातला एक म्हातारा थेट आपल्या पाद्रीबुवांसारखा, पोट वर करून. समोरच्या वाळूच्या बेटावर जेवायला उतरलो. भरती-ओहोटीचा तक्ता एफीने वाचला. मी हल्ली तो हातात घेत नाही, दुसऱ्याला वाचायला लावते.

‘पावणेबाराला भरती झाली,’ एफी म्हणाली. ‘आता पाणी उतरणार. राहू देत होड्या इथेच, वर ओढून कंबर कोण मोडून घेईल?’

मी ‘बरं’ म्हणाले. मी! आणि चहाचा थर्मास उघडला.

थोड्या वेळाने एक बाई हसून म्हणाली, ‘बघा ना, सील एकेक करून पाण्यात घरंगळतायत. आपला कंटाळा आला वाटतं त्यांना.’

माझा कप तोंडाशीच थांबला. पाणी उतरत असेल तर सील खडकावर चढतात रे, असे निघून जात नाहीत. त्यांचा खडक बुडत होता. मागे वळून पाहिलं तर आमच्या चारांपैकी दोन होड्या तरंगत निघालेल्या.

कपड्यांसकट धावले. पाणी छातीपर्यंत आलं, गारठ्याने श्वास अडकला, आणि डोळ्यांपुढे ॲबरक्रॉम्बी मास्तर. दोन वर्षांपूर्वी आपल्या सहलीत असेच होडीमागे पोहत गेलेले, मग हात हलवायचेच थांबलेले. दोरी बोटांना लागली, सुटली, पुन्हा लागली. दुसरी होडी एफीने वल्हवत जाऊन गाठली.

परत आल्यावर एफी सगळ्यांसमोर सरळ म्हणाली, ‘चूक माझी. तक्त्यातली वेळ हिवाळ्याच्या घड्याळाची असते, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, तो तास मिळवायला मी विसरले. माफ करा.’

त्यांच्यात एक दातांचा डॉक्टर होता. तो म्हणाला, ‘भिजली ती इश्बेल, माफी तिची मागा. आणि तो केक उरलाय का?’

झालं. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. मी खडकाआड जाऊन ओकले.

फर्ग्या, त्या दिवशी तू मला विचारलंस, ‘ताई, होड्या बांधू?’ तक्ता माझ्या हातात होता. ‘पाणी उतरतंय, राहू दे,’ मी म्हणाले. बाबा जन्मभर कानीकपाळी ओरडले, ‘तक्ता हिवाळ्याचा, पाणी उन्हाळ्याचं,’ आणि मीच तास विसरले. मास्तरांना तू ओढून आणलंस. ते तीन आठवडे इस्पितळात होते. चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, होड्या कोणाकडे होत्या? ‘फर्गसकडे,’ मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि गप्प राहिलास. माझा परवाना वाचला, तुझा गेला. घाबरले होते रे. मग उद्या सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं काढली.

काल आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी ठेवून फोनपाशी गेली, तुझा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. ‘निघताना त्याला काय काय बोलले मी. आता कुठल्या तोंडाने बोलू?’

आज सकाळी मास्तरांकडे जाऊन हेच सांगितलं, मग धक्क्यावर. मंडळी आधी हसली, मग हसायची थांबली. चौकशीवाल्यांनाही लिहिलंय. परवाना जाईल बहुतेक, जाऊ दे. एफी म्हणते, ‘पत्र मी टाकते, तू पेटीपर्यंत जाऊन परत येशील.’ ओळखते मला.

सोबत तक्त्याचं त्या महिन्याचं पान आहे. खणाच्या तळाशी दडवलं होतं. तारखेभोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ माझं, शेजारी तास न मिळवता लिहिलेली वेळही माझ्याच अक्षरात. कोणाला हवं त्याला दाखव. ये म्हणत नाही. आईचा फोन तेवढा उचल.

दुपारी धक्क्यावर एकाची दोरी सैल राहिली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, ‘ए, इश्बेल करू नकोस!’ दोन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून घरी आले.

तक्ता जिच्या हातात होता ती,
तुझी ताई
इश्बेल