सहा नंबरचा निरोप

॥ श्री ॥
मयूर विहार, दिल्ली
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. रेवतीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? माझंच आहे. दोन वर्षं तुझ्या काकांकडून पत्रं लिहून घेतली. पण मी चार वाक्यं सांगितली की ते दोन लिहायचे, आणि वर म्हणायचे की मुद्दा आला ना. आता त्यांची गरज संपली. सांध्यांच्या त्या नव्या इंजेक्शनची तीन सलाइनं झाली, बोटं सुटली, कालच्या वड्यासुद्धा मीच थापल्या. त्या चिन्मयबरोबर पाठवल्या आहेत. माझा हा लेक फरीदाबादच्या मेट्रोत बसल्यावर डबा उघडतो असा मला संशय आहे, तेव्हा मोजून घे.

तू मागे समजावलं होतंस ना, पेशी एकमेकींना बारक्या प्रथिनांतून निरोप धाडतात, आणि त्यातला इंटरल्यूकिन-सहा माझ्या सांध्यांत विनाकारण आग लावत फिरतो. मी त्याला सहा नंबर म्हणते. आमच्या मंत्रालयात प्रत्येक सेक्शनला असा एक असायचाच. औषधामुळे आता त्याचं कोणी ऐकत नाही, बरं झालं.

बाकी ठीक. हवा इतकी घाण आहे की समोरची सोसायटी दिसत नाही. दिवाळीपासून पोट डाव्या बाजूला जरा जड असतं, फराळ बाधला असेल. फोन करू नकोस, कानात मशीन घातलं की नुसती शिट्टी वाजते. लिही. लोभ आहे हे मला माहीत आहे, पण तो कागदावर दिसू दे.

तुझी,
चंद्रप्रभा मावशी


फरीदाबाद
दि. १३ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून मी लॅबमध्ये सगळ्यांना पाकीट दाखवत फिरले. आमच्याकडे त्या औषधाचे आलेख असतात, पण तुझा वळणदार ‘श्री’ पाहिला तेव्हा त्या आलेखांचा अर्थ कळला. वड्या आठ मिळाल्या. तू किती दिल्या होत्यास ते चिन्मयला विचार, मी भांडण लावत नाही.

सहा नंबरला मात्र इतकी नावं ठेवू नकोस. जंतू शिरले की पहिली हाकाटी करणाऱ्यांत तोच असतो, म्हणून इंजेक्शन चालू असताना जपायचं. गर्दीत मास्क लाव, बाहेरचं खाऊ नकोस, आणि ताप-बिप आला तर लगेच सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांना कळव. पोटाचं काय ते नीट लिही.

रविवारी येणार होते, पण घसा खवखवतो आहे. तुझ्याजवळ अशा अवस्थेत येणं बरं नाही. काकांना सा. न. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
रेवती


॥ श्री ॥
मयूर विहार
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. रेवतीस अ. उ. आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावते. ताप अजिबात नाही, अठ्ठ्याण्णवच्या वर पारा जात नाही. तुला आठवतं ना, लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा माझा नियम होता, ताप नाही म्हणजे आजार नाही. चिन्मय त्या नियमावर एकही शाळा न बुडवता दहावी झाला.

पोटाचं म्हणशील तर आहे तसंच आहे. तुझे काका हट्टाने मार्केटजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त तपासलं, सूज दाखवणारा सीआरपी अगदी नॉर्मल, गॅस आहे म्हणाले. इंजेक्शनचं मी काढलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांना सांगितलं की ते मोठ्या डॉक्टरांना फोन लावणार आणि शुक्रवारचं सलाइन थांबवणार. रेवती, मला ते थांबायला नको आहे. दोन वर्षं साडीच्या निऱ्या हे करत होते. रागावत नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटायचं.

अक्षर उतरतंय, कारण आडवी होऊन लिहिते आहे. उभं राहिलं की आत आवळल्यासारखं होतं. दोन दिवस पेजेवर आहे. तू यातलं मोठ्या डॉक्टरांना काही बोलू नकोस. काळजी नको, ममत्व पुरे.

तुझी,
मावशी


फरीदाबाद
दि. १९ नोव्हेंबर २०२४, सकाळ

ती. मावशी,

नमस्कार मनात समज. चिन्मयने आत्ता तुझं पत्र दारातून दिलं. त्याला तिथेच थांबवून हे लिहिते आहे. काकांना फोन केला, त्यांनी तुला दवाखान्यात चल म्हटलं. तू थर्मामीटर त्यांच्यापुढे धरलास म्हणे. म्हणून हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

मला कालपासून एकशे दोन ताप आहे. साधा फ्लू आहे, तीन-चार दिवसांत बरी होईन. तुला ताप नाही, आणि आपल्या दोघींत जास्त आजारी तू आहेस. हे नीट वाच. ताप जंतू आणत नाहीत, आपलं शरीर आणतं. जंतू दिसले की पेशी निरोप सोडतात, त्यात सहा नंबर पुढे. तो मेंदूपर्यंत पोचला की ताप चढतो, यकृतापर्यंत पोचला की सीआरपी वाढतो. तुझ्या इंजेक्शनने तो निरोप घेणारी दारंच लावून टाकली आहेत. आत काहीही पेटलं तरी तुझा पारा अठ्ठ्याण्णवावर राहू शकतो आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. या औषधावर कधी कधी आतडं सुजतं, फाटतं, आणि बाहेरून काही कळत नाही. ‘ताप आला तर कळव’ ही ओळ मी सवयीने लिहिली. हे मला रोज शिकवायचं असतं, आणि तुलाच चुकीचं सांगितलं. त्याची भीती कालच्या तापाहून जास्त वाटते आहे.

मी मोठ्या डॉक्टरांना कळवलं आहे. तू नको म्हणाली होतीस, तरी कळवलं. त्यांनी लगेच इमर्जन्सीत आणायला आणि पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितलं. तिथे पोचताच पहिलं वाक्य इंजेक्शनचं बोल. काहीही खाऊ-पिऊ नकोस.

बोटांचं मला कळतं. सलाइन थांबेल, कदाचित पुन्हा आखडतील. अक्षर वाकडं झालं तर मी वाचेन. कसंही असू दे, मी वाचेन. पण मावशी, ते लिहायला तू लागतेस. थर्मामीटर खणात ठेव आणि ऊठ. रागव नंतर, हवं तेवढं.

रेवती


दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. रेवतीस आशीर्वाद.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. हॉस्पिटलच्या बाकावर बसलो आहे.

तुझं पत्र तिने दोनदा वाचलं. माझं दहा वेळा सांगून झालं होतं. मग थर्मामीटर डबीत घातला आणि चपला कुठे आहेत विचारलं. रिक्षात बसताना पहिल्यांदा कण्हली. स्कॅनमध्ये आतडं फाटलेलं दिसलं, आत पू साचला होता. त्याही वेळी ताप नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरांना आधी पटेना, पण तिने तोंड उघडताच इंजेक्शनचं नाव सांगितलं होतं, म्हणून त्यांनी धावपळ केली. ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, पोटाला काही महिने शौचाची पिशवी राहील. अजून आयसीयूत आहे, डॉक्टर हो किंवा नाही म्हणत नाहीत. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनात आमची ओळखीची मंडळी आहेत, ती डबा आणतात. मला जेवण जात नाही.

तू ताप उतरेपर्यंत येऊ नकोस. देवाला सांग. मी सांगितलं आहे, पण माझं कोण ऐकतं.

तुझे,
श्यामकांत काका


॥ श्री ॥
मयूर विहार
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. रेवतीस अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझे काका लिहीत आहेत. एकही वाक्य गाळायचं नाही असा लेखी हुकूम काढला आहे, तो त्यांनी स्वतःच्याच हातानं लिहिला.

बोटं पुन्हा मिटली. सकाळी कपाची कडी सापडत नाही. डॉक्टर पोटाची जखम पूर्ण भरल्यावर दुसरं काही औषध बघू म्हणतात, पण ते इंजेक्शन माझ्यासाठी नाही. मी दोन दिवस रडले, हेही लिहा म्हटलं. निऱ्या पुन्हा हेच करतात. आता तिरक्या होतात, वयामुळे, मी काही बोलत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. सोसायटीत सगळ्यांना सर्दी झाली, मलाही झाली, आणि परवा ताप आला. शंभर. मी ह्यांना पुन्हा बघायला लावलं, तर शंभराच्याही वर. रेवती, तापाने इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. सहा नंबर पुन्हा कामावर रुजू झाला. चिन्मय घाबरून ‘यार, हसतेस काय’ म्हणाला. डॉक्टर येऊन बघून गेले, साधी सर्दीच आहे, आता उतरलाय. पुढच्या रविवारी ये. वड्या चिन्मय थापणार आहे, तेव्हा अपेक्षा ठेवू नकोस.

ह्यांना इथे थांबवलं आहे. पेन माझ्याकडे घेतलं आहे. खालची ओळ मी लिहिते, वेळ लागेल.

तू वाचेन म्हणाली होतीस.

मावशी