चुन्याचे बाण

तीर्थस्वरूप ताई हीस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन टेकली असं समज.) तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? भाऊजींचा खोकला गेला, की आता घरातलाच झाला? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. अकरा वर्षांत तू एकदाही इकडे फिरकली नाहीस, तेव्हा ठीक म्हणजे कितपत ठीक हे तुला ताडून बघता येणार नाही, एवढीच माझी सोय.

तर बातमी अशी, की तुझा भाऊ धावायला लागला आहे. हसू नकोस. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं. वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चात्ताप होतो. तो आपल्याच मळ्यात धावून फेडता आला तर ते आणखी एक दिवस राहतील, असा त्यांचा हिशेब. म्हणून द्राक्षमळ्यातून धावायचे तीन मार्ग काढायचे, पाच, दहा आणि एकवीस किलोमीटरचे. काढायचे कोणी? मुकादमानं, म्हणजे मी. मला इथला बांध न् बांध ठाऊक आहे हा माझा गुन्हा. सायकलच्या पुढच्या चाकाला चिंधी बांधली आणि फेरे मोजत निघालो. हजाराच्या घरात आलो की तळघरवाला हमखास समोरून यायचा, 'काय मुकादम, बरं आहे ना' म्हणायचा, आणि माझा आकडा जायचा. (चौथ्या दिवशी मी त्याला बघून तोंड फिरवलं, तर तो बोलेनासा झाला. अजून बोलत नाही.) शेवटी मालक म्हणाले, मार्ग आखणाऱ्यानं स्वतः एकदा धावून बघावं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हाफचड्डीत, चाळीस मजुरांच्या देखत धावलो. त्या दिवशी छाटणी कमी झाली.

पाचाचा मार्ग मी मुद्दाम आपल्या घरावरून नेला, आबांच्या खिडकीखालून. (तोडणीच्या दिवसांत आबा बांधावर पडले तेव्हा मी फोनवर 'जरा लागलंय' म्हणालो होतो. जरा नव्हतं. खुबा मोडलाय, तेव्हापासून खाटेवरच आहेत.) डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही, म्हटलं निदान सकाळची चार पावलं तरी कानावर पडतील. खिडकीखालून वाट जाते ती भिंतीलगतच्या तीन ओळींपर्यंत. त्या ओळींबद्दल तुला मी काय सांगणार? मळ्यातल्या सगळ्यात पहिल्या, मालकांच्या वडिलांच्या वेळी आबांनी आणि आईनं लावलेल्या. तिथून वाट डावीकडे वळून ओळींना वळसा घालते.

हे वळण कुणाला दिसेल तर शपथ. पहिल्याच सकाळी गुरांचे डॉक्टर सरळ ओळींमध्ये घुसले आणि पलीकडे चोथ्याच्या खड्ड्यात कमरेपर्यंत गेले. (द्राक्षं पिळून उरलेली सालं आणि बिया, महिनाभर कुजलेल्या. त्यांच्या जागी गाय असती तर त्यांनी तिला वाचवलं असतं; त्यांना वाचवायला आम्ही सहा जण लागलो.) दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतलं एक जोडपं गेलं, हातात हात घालून. मालक माझ्यावर उखडले. मी शेडमधून चुन्याची बादली उचलली आणि तिन्ही ओळींच्या टोकाच्या खांबांवर हातभर लांब बाण काढले, डावीकडे तोंड करून. चांगले ठळक काढले. मग दोन दिवस अवकाळी पाऊस पडला, बाणांची टोकं धुऊन गेली आणि खांबांवर नुसते पट्टे उरले.

ताई, आमच्याकडे खांबाला चुन्याचा पट्टा म्हणजे ती ओळ उपटायची. हा नियम कोणी केला? मीच. बावीस वर्षांपूर्वी मजुरांना उभं करून सांगितलं होतं, पट्टा दिसला की मला विचारत बसू नका, कामाला लागा. माझ्या शिस्तीचं केवढं कौतुक होतं मला! वेली उपटणारी टोळी आली त्या दिवशी मी आबांना घेऊन दवाखान्यात होतो. परत आलो तर ट्रॅक्टर धुऊन उभा होता आणि मुळांचा ढीग भिंतीला टेकलेला. टोळीवाल्यानं अभिमानानं सांगितलं की एक मूळ आत ठेवलेलं नाही. मी त्याला शाबास म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मग शेडमागे गेलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो.

मालकांना वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. आता धावणारे खड्डा लांबूनच बघतात, त्याला बगल देतात आणि मोकळ्या जमिनीवरून सरळ पलीकडच्या वाटेला लागतात. त्यामुळे प्रत्येकाची वेळ दीड मिनिटानं सुधारली. आमचा मार्ग वेगवान आहे, असं मालक पाहुण्यांना सांगत सुटलेत.

आबांना मी काही सांगितलेलं नाही. ते रोज ओळींची चौकशी करतात. मी सांगतो, छाटणी झाली, तारा ताणल्या. परवा तर बोलता बोलता एका वेलीला कीड लावली आणि काल ती बरीही केली. खोटं बोलायला लागलं की माणूस किती मेहनती होतो बघ.

बाकी विशेष नाही. पत्र आपलं सहज लिहिलं. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज लिहिलेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." आई गेली तेव्हा तू त्या ओळींतल्या वेलीची एक काडी लावायला नेलीस आणि आबा तुला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. ते चुकलंच त्यांचं. मीही तेव्हा गप्प बसलो, ते माझं चुकलं. ती काडी तुझ्या परसात मांडवभर झालीय असं भाचीकडून कळलं. ती मुळासकट काढून कुंडीत घालून आण. आबांचा हात तिच्यावर ठेवू, ओळीतलीच आहे म्हणून सांगू. तुला त्यांच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, दारातून दे आणि जा.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आबांच्या खाटेशेजारी बसून लिहिलं. एवढा वेळ काय खरडतोयस म्हणाले. ताईला पत्र, म्हटलं. वाच, म्हणाले. चुन्यापाशी आलो आणि अडखळलो. तर म्हणाले, पुढे वाच, मला तीन आठवडे झाले कळून. धावणारे पूर्वी भिंतीपाशी वळायचे, पावलं डावीकडे लांब जायची. आता सरळ जातात. ओळी जागेवर असत्या तर सरळ कसे गेले असते? तीन आठवडे ते रोज मला विचारत होते आणि मी सांगेन ते ऐकून घेत होते. (कीड लागलेल्या वेलीवर औषधसुद्धा सुचवलं होतं.) तुझ्या काडीचं वाचलं तेव्हा ते त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, मी सांगतो ते लिही. जसंच्या तसं लिहितो आहे:

"वेल काढू नकोस म्हणावं. एवढी वाढलेली हलवली तर मरेल. मोकळ्या हातानं ये."

ताई, सकाळची गाडी धर. संध्याकाळची नको.