कोळंबीचं बांधकाम

२ फेब्रुवारी
आणले एकदाचे! एक मासा, एक कोळंबी. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा तळ मी कोराच ठेवलाय, नुसती काच. वाळूतली घाण उपसत बसायला वेळ कुणाला आहे? पण हे दोघे बिळात राहणारे. दुकानदार म्हणाला, "ताई, वाळू नाही तर निदान बोगदा तरी द्या." माझ्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक उरलं होतं, त्याचा केला. दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

५ फेब्रुवारी
बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं, "या महिन्यात चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील." वॉकर कॉटशेजारी तसाच उभा. बाबांचं एकच – "बघू उद्या." चाळीस वर्षं परांचीवर चढून भिंती बांधणारा गवंडी जमिनीला घाबरतोय. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ फेब्रुवारी
दोघं बोगद्यात राहायला गेले! कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही. बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगावर. तो दारात पहाऱ्याला. माझी सावली पडली, त्याची शेपटी जराशी थरथरली – ही आत गडप. एवढा विश्वास! लॅबला उशीर झाला, पण पाय निघेना.

११ फेब्रुवारी
बांधायला काही नाही म्हणून कोळंबी कोरी काचच उकरत बसते. बघवत नाही. बाबांना सांगितलं, तर किती दिवसांनी नीट बोलले. "शिंपले आण. फटीत चिपा ठोकल्याशिवाय भिंत उभी राहते होय?" कॉटवर बसूनच हातोडीनं फोडले. मोठे, मध्यम, चिपा – तीन वाट्या. मला फक्त मोठ्यांची दिली. "आधी पाया बसू दे." दोन वाट्या उशाशी.

१२ फेब्रुवारी
कोळंबी स्वतःएवढा तुकडा उचलते, फिरवते, लावून बघते, नाही बसला की बाजूला टाकते. दुसरा आणते. न दिसता! मी अर्धा तास जमिनीवर बसून होते, चहा गार झाला.
"टाकी इकडे आण."
"भरलेली टाकी हलते का, बाबा? तुम्हीच या. अकरा पावलं आहेत."
भिंतीकडे तोंड फिरवलं.

१५ फेब्रुवारी
अबोला चालूच. जास्तच बोलले का मी?

१८ फेब्रुवारी
संध्याकाळी लॅबमधून आले. बिळाच्या तोंडाशी कमान उभी! मोठ्या तुकड्यांच्या फटींत बारीक चिपा ठासून बसवलेल्या. मी तर चिपा टाकल्याच नव्हत्या.
दिवसभर घरात बाबांशिवाय कोणी नसतं.